पद्मिनी: सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फिरतं, पण गाडी चालू होत नाही

सड्यावरून
नमस्कार मंडळी. बाबांची १९९६ ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे रत्नागिरीत आहे. जूनच्या सुरुवातीला शेडमध्ये लावली, ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढायला गेलो. बॅटरी उतरली होती, चार्ज करून आणली. आता सेल्फ अगदी जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. खोकतसुद्धा नाही.

आतापर्यंत चारही प्लग नवे टाकले. पॉइंट आणि कंडेन्सर नवे. कॉइल नवीन. बॅटरीचं पाणी, टर्मिनल सगळं साफ. पेट्रोल टाकीत आहे, पाव टाकीच्या आसपास. नवीन कॉइलसुद्धा हात लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून मेकॅनिक म्हणतात तीही खराब निघाली, दुसरी आणा. त्याआधी इथे विचारावं असं वाटलं. मार्चमध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे, त्यासाठी गाडी आरटीओत चालत जायला हवी. बाबा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन तिच्याशेजारी उभे राहतात, ते बघवत नाही.

घाटपायथा
ताई, कार्बोरेटर पूर्ण खोलून साफ करा. चार महिने उभी गाडी म्हणजे जेटमध्ये कचरा असणारच. शंभर टक्के तेच.

पानापेटी
पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवून टाका. एकदाच खर्च, कटकट संपली. तोपर्यंत उतारावर धक्का मारून बघा.

डेलकोवाला
ताई, कृपया आणखी एकही वस्तू विकत आणू नका. कॉइलही नको आणि किटही नको. धक्का मारून नवीन काहीच होणार नाही. धक्का इंजिन फिरवण्यासाठी मारतात आणि तुमचं इंजिन तर सेल्फवर छान फिरतंच आहे.

मी कुर्ल्याजवळच्या गॅरेजमध्ये २६ वर्षं काढली, बहुतेक काळ टॅक्सीवर. या गाड्या त्याच कुर्ल्यात बनायच्या. रोज सकाळी दोन-तीन तरी 'चालू होत नाही' म्हणून ढकलत यायच्या. त्या अनुभवावरून सांगतो, वस्तू बदलण्याआधी प्रश्न विचारायचे. फिरणाऱ्या इंजिनाला पेटायला चारच गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल, दाब आणि या तिन्हींची वेळ. उभी राहून बंद पडलेल्या गाडीत दाब आणि वेळ सहसा बिघडत नाहीत, म्हणून आधी पहिल्या दोन.

माझे दोन प्रश्न. एक, दहा सेकंद सेल्फ मारल्यावर प्लग काढला तर तो ओला असतो की कोरडा? दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा, काय-काय केलं ते कोणत्या क्रमाने केलं? प्रत्येक कामानंतर गाडी कशी वागली? आठवत नसेल तर समोर जो कोणी होता त्याला विचारून लिहा.

सड्यावरून
काका, मनापासून आभार. प्लग कोरडे आहेत, अगदी खडखडीत. क्रम भावाला विचारला, तो सगळा वेळ तिथे होता.

पहिल्या संध्याकाळी मेकॅनिकांनी कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं. तेव्हा गाडी चालू झाली होती! तीन-चार सेकंद चालली आणि बंद पडली. असं दोनदा झालं. मला हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. त्यानंतर पेट्रोल ओतलं तरी काहीच नाही. मग किल्ली चालू ठेवून बराच वेळ तपासणी चालली होती, तेव्हा कॉइल तापलेली दिसली. म्हणून कॉइल बदलली, ती नवीनही तापली.

डेलकोवाला
हे आधी कळायला हवं होतं, पण आता कळलं ते बरं झालं. शांतपणे वाचा.

पहिल्या संध्याकाळी ओतलेल्या पेट्रोलवर गाडी चालली. म्हणजे त्या वेळी ठिणगी होती, दाब होता, वेळ बरोबर होती. नव्हतं फक्त पेट्रोल, आणि आजचे कोरडे प्लगही तेच सांगतायत. म्हणजे पावसाळ्याने दिलेला बिघाड पेट्रोलच्या वाटेवर आहे. दुसऱ्या दिवशी नवे पॉइंट बसले आणि ओतलेल्या पेट्रोलवरही गाडी खोकेनाशी झाली. म्हणजे दुसरा बिघाड दुरुस्ती करताना आत शिरला. तुमच्याकडे आज दोन वेगळे बिघाड आहेत. म्हणूनच कोणतीही एक वस्तू बदलून फरक दिसत नाही.

तुमच्या मेकॅनिकांना दोष देत नाही. नवे पॉइंट बसवताना होणारी ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. पण दोन बिघाड एकदम शोधायला गेलं की माणूस गोल-गोल फिरतो. आधी दुसरा काढू, कारण ठिणगी नसताना पेट्रोल मिळाल्यावर गाडी पेटते का हे बघताच येत नाही.

घरात स्कूटरचा किंवा गाडीचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब असेल तर त्याला दोन वायरी जोडा. कॉइलवर दोन बारीक टर्मिनल आहेत. एकावर किल्लीकडून करंट येतो, दुसऱ्यावरून वायर डेलकोकडे, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाते. बल्बची एक वायर बॉडीला अर्थ करा आणि किल्ली चालू करून दुसरी वायर आधी किल्लीच्या टर्मिनलला लावा, मग डेलकोकडच्या टर्मिनलला. डेलकोच्या बाजूला लावलेली असतानाच कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बल्ब लुकलुकतो का बघा. पंखा आणि पट्ट्यापासून ओढणी, हात लांब. तपासणी संपली की किल्ली लगेच बंद.

नवशिक्या_चालक
काका, बल्ब का लुकलुकायला हवा? समजून घ्यायचंय, माझ्याकडेही जुनी गाडी आहे.

डेलकोवाला
चांगला प्रश्न. डेलकोच्या आत एक चौकोनी कॅम फिरतो आणि तो पॉइंटची जोडी उघडतो, मिटवतो. पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून करंट वाहून बॉडीला अर्थ होतो आणि कॉइलच्या आत चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि त्या धक्क्यातून हजारो व्होल्ट तयार होतात. ती ठिणगी. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. कंडेन्सर त्या क्षणी पॉइंटवरची आतषबाजी रोखतो. तो गेला तर पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळट, लुळी पडते.

आपला बल्ब पॉइंटला समांतर जोडलाय. मिटले की विझणार, उघडले की लागणार. इंजिन फिरताना लुकलुकला तर प्रायमरीचं, म्हणजे कॉइलमधल्या १२ व्होल्टच्या बाजूचं काम ठीक. सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटून टेकतात पण मध्ये तेलाचा किंवा गंजाचा थर आहे. नव्या पॉइंटवर तर कारखान्यातून येणारा तेलकट पापुद्रा असतो, स्पिरिटच्या फडक्याने पुसूनच बसवायचे. आणि बल्ब सतत विझलेला राहिला, तर करंट कुठेतरी कायमचा अर्थ होतोय किंवा कॉइलमधून पुढे येतच नाहीये.

कॉइल का तापते तेही यातच आलं. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीला साधारण ३ ओहमचा रोध असतो. करंट न तुटता वाहत राहिला तर ४ अँपिअर सतत, म्हणजे जवळजवळ ५० वॉट. हात भाजणारच. ताई, मला वाटतं तुमच्या दोन्ही कॉइल चांगल्या आहेत. जुनी फेकू नका.

सड्यावरून
केलं. किल्लीच्या टर्मिनलवर बल्ब लख्ख लागतो. डेलकोच्या टर्मिनलवर अजिबात नाही. भावाने सेल्फ मारला तरी एकदाही लुकलुकला नाही.

डेलकोवाला
छान. आता कॉइलवरून डेलकोकडे जाणारी वायर कॉइलपाशी सोडवा आणि त्याच टर्मिनलवर बल्ब पुन्हा लावा.

सड्यावरून
लागला! वायर परत जोडली की विझतो.

डेलकोवाला
म्हणजे कॉइल निर्दोष, डेलकोच्या आत करंट कायमचा अर्थ होतोय. मुख्य शक्यता दोन. पॉइंटचा गॅप शून्य आहे आणि ते उघडतच नाहीत, किंवा पॉइंटची वायर जिथे आत येते तिथलं इन्सुलेशन चुकलंय. दोन्हींत फरक करायला पुठ्ठ्याचा एक कपटा पुरतो. डेलकोचं झाकण (कॅप) आणि त्याखालचा फिरणारा तुकडा (रोटर) काढा, पॉइंटच्या मध्ये कपटा सरकवा, बल्ब बघा. लागला तर गॅप. नाही लागला तर इन्सुलेशन, क्वचित आतून शॉर्ट झालेला कंडेन्सर.

सड्यावरून
नाही लागला.

मग तुम्ही म्हणालात ती जागा टॉर्च लावून बघितली. पॉइंटची स्प्रिंग ज्या स्क्रूला जोडली आहे तिथे दोन फायबरचे वॉशर आहेत. दोन्ही स्क्रूच्या डोक्याच्या बाजूला एकावर एक बसवलेत. आतल्या बाजूला काहीच नाही, स्प्रिंगचं टोक थेट पत्र्याला टेकलंय.

डेलकोवाला
सापडला. एक वॉशर पत्र्याच्या आत, एक बाहेर. कंडेन्सरची वायर आणि कॉइलची वायर स्प्रिंगशी जोडलेली राहिली पाहिजे, पण यांतलं काहीही पत्र्याला लागता कामा नये. बसवून झालं की पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा करा.

मग पॉइंटचा गॅप. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आणा. पूर्ण उघडलेल्या जागी ०.४ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित घासत जावं. गॅप झाल्यावर कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून तिचं टोक लाकडी चिमट्याने इंजिनच्या लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. निळसर-पांढरी, टक् आवाजाची ठिणगी हवी. हे करताना कार्बोरेटर उघडा नको, जवळ पेट्रोलची बाटली नको.

सड्यावरून
ठिणगी आहे! निळी, आणि आवाज शेडच्या दारापर्यंत ऐकू येतो. बाबा खुर्ची आणून बसले होते. ते म्हणाले, "हा आवाज बरोबर आहे."

सिरिंजने ३ मिली पेट्रोल कार्बोरेटरमध्ये टाकलं, एअर फिल्टर परत बसवला, तोंड लांब ठेवून सेल्फ मारला. चार सेकंद चालली आणि बंद. म्हणजे पहिल्या संध्याकाळी होती तिथे आम्ही परत पोहोचलो.

पानापेटी
एवढ्या स्वच्छ पद्धतीने बिघाड शोधताना मी पहिल्यांदा वाचतोय. किटचा सल्ला मागे घेतो. किट लावला असता तर हा बिघाड आपोआप गेला असता, पण का गेला ते कधी कळलं नसतं आणि गाडी तरीही चालू झाली नसती.

घाटपायथा
आता तरी कार्बोरेटर?

डेलकोवाला
अजून नाही. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचतंय का हे आपण विचारलंच नाही. पद्मिनीचा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, इंजिनच्या बाजूला असतो, कॅमशाफ्टवर चालतो. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप कार्बोरेटरपाशी काढा आणि प्लास्टिकच्या बाटलीत सोडा. कॉइलची मधली वायर काढून नीट अर्थ करून ठेवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. दहा सेकंद सेल्फ. बाटलीत पिचकाऱ्या आल्या पाहिजेत.

सड्यावरून
पंधरा सेकंद मारला. थोडे बुडबुडे आणि चमचाभर पेट्रोल, तेही गढूळ.

डेलकोवाला
आता पंप आणि टाकी यांना वेगळं करू. पंपाची टाकीकडची नळी काढा, तिथे चांगल्या रबरी नळीचा तुकडा लावा आणि त्याचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. पुन्हा सेल्फ.

सड्यावरून
सातव्या-आठव्या सेकंदाला पिचकाऱ्या सुरू झाल्या. जोरदार.

मग पाइप कार्बोरेटरला जोडला आणि त्याच बाटलीवर गाडी चालू केली. चालली!! पूर्ण दोन मिनिटं चालली, चोक आत ढकलल्यावरही चालत राहिली. मीच बंद केली, कारण बाटलीवर जास्त वेळ ठेवायची भीती वाटली. बाबांना बोलता येत नव्हतं.

डेलकोवाला
वा. बंद केलीत तेही बरोबर केलंत, उघड्या बाटलीवर इंजिन चालू ठेवायचं नसतं. आणि कार्बोरेटर न खोलताच तपासला गेला, तो ठीक आहे.

उरला टाकी ते पंप हा रस्ता. टाकीचं झाकण उघडं ठेवून पंपाकडच्या टोकातून सायकलच्या पंपाने हवा मारा. टाकीत गुडगुड ऐकू आली तर रस्ता मोकळा आहे. मग शंका रबरी जोडांवर. टाकीपाशी आणि पंपापाशी रबराचे छोटे तुकडे असतात. क्लिप सोडवून त्यांना वाकवून बघा. ओढण्याच्या बाजूला चीर पडली तर पेट्रोल खाली ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. पंपाला जड पेट्रोल ओढण्यापेक्षा हवा ओढणं सोपं. म्हणून खाली डाग नाही, वास नाही आणि गाडीला पेट्रोलही नाही.

सड्यावरून
गुडगुड ऐकू आली. टाकीपाशी रबराचा तुकडा वाकवला तर क्लिपच्या खाली अर्ध्या घेराची चीर. बाहेरून कडक, आतून फुगून मऊ झालाय, बोटाला काळं लागतं. एक शंका: ते चमचाभर गढूळ पेट्रोल मी काचेच्या बाटलीत ठेवलं होतं. सकाळी बघितलं तर खाली वेगळा थर दिसतोय. पाणी का?

रसायन_मास्तर
धागा पहिल्यापासून वाचतोय, इथे बोलतो. तो थर नुसतं पाणी नसावं, पाणी आणि इथेनॉल दोन्ही असणार. २०२५ मध्ये देशातल्या पंपांवरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवर आलं. इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळतं आणि पाण्यातही. थोडं पाणी शिरलं तर ते मिश्रण सामावून घेतं, दिसतही नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडतं, पाण्याबरोबर जातं आणि तळाशी थर बसतो. पेट्रोल ओढणारी नळी तळाजवळच असते, म्हणून पहिला घोट त्याच थराचा येतो. तो पेटत नाही.

खात्री करायची असेल तर अरुंद मापपात्रात १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली चांगलं पेट्रोल घाला, झाकण लावून हलवा, ठेवून द्या. खालचा थर १० मिलीपेक्षा जेवढा वाढेल तेवढं इथेनॉल पेट्रोलमधून खाली आलं. हे घराबाहेर, विस्तवापासून दूर करा आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नका.

टाकी हलवून थर मिसळण्याचा प्रयत्न करू नका. ते पूर्ववत होत नाही. सगळं काढून टाका. आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात पाव भरलेली टाकी म्हणजे पाऊण टाकी ओली हवा. टाकीच्या झाकणाचं रबरही बघा, बहुतेक पाणी तिथूनच जातं.

जुन्या गाड्यांच्या रबराचा प्रश्न मला खरोखर काळजीचा वाटतो. १९९६ मध्ये कोणी त्या रबरी तुकड्याला इथेनॉल सोसायला बनवलं नव्हतं. आतून फुगणं आणि काळं सुटणं ही त्याचीच खूण. पंपाच्या आतला, पेट्रोल ओढणारा लवचीक पडदाही त्याच काळातला असेल तर तो आज चालतोय म्हणून पुढच्या वर्षी चालेलच असं नाही.

डेलकोवाला
मास्तरांशी पूर्ण सहमत. पडदा फाटला तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. ताई, डिपस्टिक काढून ऑइलला पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

नवशिक्या_चालक
काका, माझी २००४ ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी आहे. गरम असताना बंद केली की सेल्फ फिरतो पण चालू होत नाही, अर्ध्या तासाने होते. त्यात ना पॉइंट, ना एसी पंप. हीच पद्धत चालेल का?

डेलकोवाला
प्रश्न तेच, उत्तरं शोधायच्या जागा वेगळ्या. किल्ली चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का? गुणगुण आहे आणि काटा मेलेला आहे, ही जोडी दिसली तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरवर पहिला संशय. तो गरम झाला की मुका होतो आणि थंड झाल्यावर बोलतो. काही गाड्यांत काटा या कामी येत नाही, म्हणून स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम वाचून खात्री करा, मगच सेन्सर घ्या. गाडी गरम आणि बंद पडलेली असतानाच तपासा. थंड झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही.

सड्यावरून
आठ दिवसांनी लिहितेय. टाकी पूर्ण रिकामी केली, तळाशी जवळजवळ लिटरभर गढूळ थर निघाला. झाकणाचं रबर सुकून तडकलं होतं, ते बदललं. टाकी ते कार्बोरेटर सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या. ऑइलला वास नव्हता, तरी पंपाचा पडदा मागवलाय. जुनी कॉइल परत बसवली, नवीन डिकीत ठेवलीय. मेकॅनिकांना वॉशरचा फोटो दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला, पंपाचा पडदा मी स्वतः बसवतो म्हणाले आणि पैसे घ्यायला नकार दिला.

काल बाबांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो, आरे-वारेच्या रस्त्याने. समुद्र दिसला तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बंदही करायला सांगितली. मला धडकी भरली. पाच मिनिटांनी त्यांनी स्वतः चालकाच्या जागी बसून सेल्फ मारला, पहिल्या फेरीत लागली.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचे दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले, तेव्हा बाबा म्हणाले होते की आता सुटे भाग मिळणं अवघड जाणार. काका, तुमच्या ओळखीत कोणाकडे पद्मिनीचा डेलकोचा रोटर आणि कॅप शिल्लक आहे का? आत्ता गरज नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी घरात हवेत.

डेलकोवाला
माझ्या पत्र्याच्या पेटीत दोन रोटर आणि एक कॅप आहे, न वापरलेली. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवा. पैसे नकोत. बाबांना माझा नमस्कार सांगा.

नवशिक्या_चालक
काल दुपारी गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावला. गुणगुण होती, आरपीएम शून्य. अर्ध्या तासाने तोच स्कॅनर २३० दाखवत होता आणि गाडी चालू झाली. सेन्सर आज मागवला.